नापाचे कपडे

२४ नोव्हेंबर, सोमवार

प्रीतीने ऑर्डर घेतली. मला विचारलं नाही, ह्यांना तर नाहीच. बिरसा गावाच्या पुढं जंगलात सिनेमावाले उतरलेत. लढाईचा सिनेमा आहे. पोलिसांच्या वर्द्या मुंबईहून येणार, पण जंगलातल्या दादा लोकांच्या, म्हणजे नक्षल्यांच्या, वर्द्या इथल्याच, बालाघाटच्या टेलरकडून शिवून पाहिजेत. म्हणजे "असली" दिसतील म्हणे.

म्हटलं, पोरी, तुझ्या बापाच्या असली हाताने काय झालं, विसरली का?

"मा, वो पुरानी बात है. ये तो पिक्चर है."

हे मशीनला तेल देत होते. एकदा देऊन झालेलं तेल पुन्हा दिलं. 

२५ नोव्हें., मंगळ

नागपूरला फॅशनचा कोर्स करून आली तेव्हापासून प्री. घरी फॉल-पिको करत बसली होती. आता त्या युनिटमध्ये कपड्यांचं बघणारी एक मॅडम आहे, तिने हिला हाताखाली घेतलं. काम चांगलं झालं तर मुंबईला नेईन म्हणाली. पोरीचे पाय जमिनीवर नाहीत. तिचं तोंड पाहिलं की नाही म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पण हिरवं कापड घरात आणायचं म्हणजे... सुटून आल्यापासून ह्यांनी हिरव्याला हात लावला नाही. हिरवा ब्लाऊज आला तरी माझ्याकडे सरकवतात. गिऱ्हाइकाला सांगतात, "हे बाईच्या हातचं चांगलं होते." खाकीही नाही. शाळांचं निळं तेवढं शिवतात, त्यावरच घर चालतं.

२६ नोव्हें.

डोक्यात तेच फिरतंय, लिहूनच टाकते.

प्री. अंगणवाडीत होती तेव्हा. लालबर्ऱ्याकडचा म्हणवणारा एक माणूस हिरव्या कापडाचे तागे घेऊन दुकानात आला. तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराच्या चौकीदारांसाठी वर्द्या पाहिजेत म्हणाला. ह्यांनी शिवून दिल्या. पुढं जंगलात चकमक झाली, वर्द्या सापडल्या, आणि पोलिसांची जीप आमच्या दारात. जवळपास दोन वर्षं आत होते. मग निर्दोष सुटले. निकाल वकिलाने मला वाचून दाखवला. कपडे कोणासाठी आहेत हे शिंप्याला माहीत होतं असं सिद्ध होत नाही, असं त्यात होतं.

त्या एका वाक्यावर मी संसार ओढला. नळावर कोणी "वर्दीवाला टेलर" म्हटलं की तेच तोंडावर मारायची. माहीत नव्हतं. कोर्टाने म्हटलंय. जा, कोर्टाशी भांड.

२८ नोव्हें., शुक्र

"आण. शिवतो." जेवता जेवता म्हणाले.

मी म्हटलं, "काहून?"

"पोरीचं काम हाय."

एवढंच. भात परत मागून घेतला.

२ डिसेंबर, मंगळ

गठुडं आलं. मुंबईवाल्यांनी स्मॉल, मिडियम, लार्ज असं पाठवलं होतं, पण दादा लोक होणार बिरसाकडच्या गावातलेच लोक. त्यांना स्मॉल-मिडियम काय सांगणार. इकडची रीत आपली ठरलेली. शिवायला टाकायचं तर माणूस शहरात येत नाही, अंगाला बरोबर बसणारा एखादा जुना कपडा पाठवतो, बाजाराला निघालेल्याच्या हातून. त्या नापाने शिवायचं, आणि जुना-नवा दोन्ही परत धाडायचे. तसा गावात निरोप गेला आणि नापाचे कपडे गठुडं बांधून आले. मॅडम हसली. मग मोबाईलवर फोटो काढत बसली.

ह्यांनी गाठ सोडली. बुशर्ट, बनियन, एकेक काढून ठेवत होते. तळाला एक लहान शर्ट निघाला. कोण्या लेकराचा, चुकून आला असेल. तो हातात धरून बसले. मग गाठ परत मारली, चप्पल घातली आणि गेले.

दुपारी परत आले. पँट गुडघ्यापर्यंत ओली.

"कुठी गेलते?"

"नदीवर."

डिसेंबरात वैनगंगेत गुडघाभर उतरायचं काय काम, ते मी विचारलं नाही. न विचारायची सवय मला फार जुनी आहे.

५ डिसें., शुक्र

कटिंग हे, शिलाई आम्ही दोघी मायलेकी, काज-बटण मी. हिरवं कापड घरभर. काल भाजीतसुद्धा दोरा निघाला. ह्यांचा हात काहीच विसरलेला नाही. कात्री अशी चालते की मधे कुठं थांबतच नाही. मला ते पाहवत नाही, आणि तिथून उठवतही नाही.

७ डिसें., रवि

थंडी. आज मशीन बंद. टीव्हीवर एक लढाईचा सिनेमा लागला होता, अर्धा पाहिला. मी असले सिनेमे शिवण पाहायला बघते. सैनिक बर्फात लोळून आला तरी कॉलर कडक. गोळी नेहमी खिशाच्या खाली लागते, खिसा शाबूत. आणि मरणाऱ्याला बोलायला वेळ किती. आमच्या सासऱ्यांना हार्टअटॅक आला तेव्हा "पाणी" सुद्धा पुरतं म्हणता आलं नाही.

पुस्तकं मात्र वेगळी. हे आत होते तेव्हा वाचनालयात जाऊन बसायची. मी तिरोड्याच्या मराठी शाळेत शिकलेली, इथं सगळं हिंदी. मराठीचं एकच कपाट होतं, त्यातली निम्मी लढाईची. परदेशातल्या लढायाही मराठीत. वाचली सगळी. खंदक, उपासमार, थंडी, पायांना झालेल्या जखमा. बायका वाट पाहताहेत, पत्रं येताहेत. मीही वाट पाहत होते, पण सैनिकाची बायको म्हणून कोणी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या एवढ्या जाड पुस्तकांत वर्दी कोणी शिवली ते कुठंही लिहिलेलं नव्हतं. मी शोधत असे.

आणि हे डायरेक्टर लोक याला "वॉर फिल्म" म्हणतात. इथं कोणी युद्ध म्हटलंच नाही कधी. "जंगलात गडबड आहे" म्हणायचे. सकाळी भाजी घेताना म्हणायचे, पाऊस आहे म्हटल्यासारखं. आता तर म्हणे गडबड संपली, सगळे शरण आले. संपली म्हणूनच सिनेमा निघतो.

१० डिसें., बुध

डायरेक्टर स्वतः घरी आला. तरुण आहे, नम्र आहे, खाली चटईवर बसला. चहा घेतला, पोहे घेतले. ह्यांना "अंकल" म्हणतो. मग थैलीतून कागद काढले. सिनेमात त्याने एक टेलर घातलाय. प्री.ने आमची सगळी हकिगत त्याला सांगितली आहे. ती मान खाली घालून बसली होती.

सीन वाचून दाखवला. टेलरला सगळं माहीत असतं. तो दादा लोकांना सलाम ठोकतो, छाती फुगवून वर्दी शिवतो, शेवटी गोळी खाऊन मरतो. मशीनवरचे हात अगदी जवळून दाखवायचे आहेत आणि ते हात "अंकल" चे पाहिजेत.

मी म्हटलं, यांना माहीत नव्हतं. कोर्टाने लिहून दिलंय.

"आंटी, मालूम नहीं था तो कहानी नहीं बनती."

किती सहज म्हणाला. मला त्याच्या हातातला कप काढून घ्यावासा वाटला.

११ डिसें.

प्री.शी कडाक्याचं भांडण.

"नाम तो बदल दिया है मा."

"बालाघाटात वर्दीच्या केसमध्ये टेलर किती पकडले? लोकाईले समजत नाही का?"

"तुमको लोगों की पडी है. मेरा क्या?"

मग रडली. मग मी रडले. ऑर्डर मोडली तर तिची मुंबई गेली. आणि तो सीन राहिला तर माझं ते वाक्य गेलं. उद्या नळावरच्या बाया म्हणतील, सिनेमात तर दाखवलं, तुझ्या नवऱ्याला सगळं ठाऊक होतं. कोर्टाचा निकाल कोण वाचतं? सिनेमा सगळे पाहतात.

ठरवलं, ह्यांनाच नाही म्हणायला लावायचं.

१३ डिसें., शनि

सांगायला गेले एक, ऐकून आले भलतंच. 

दुपारी हे इस्त्री करत होते. म्हटलं, तुम्ही त्याला साफ सांगा, मी हात देणार नाही, सीन खोटा आहे.

इस्त्री उभी केली. म्हणाले, "खोटा नाही. बरोबर लिवलं त्यानं."

"काय बरोबर?"

"मले मालूम होतं."

मग जे सांगितलं ते असं. त्या माणसाने तेव्हा नापाचे कपडेच आणले होते. हे एकेक पाहत गेले. त्यात शाळेचा एक शर्ट होता. कोण्या पोरीचा. खिशावर शाईचा डाग. ह्यांना वाटलं चुकून आला. तो म्हणाला, नहीं, इसका भी बनाओ.

"ठेकेदाराचा चौकीदार एवढासा असते का? प्रीतीपेक्षा पाच-सात वर्षानं मोठी अशीन ते पोरगी. तवाच समजलं मले."

"मंग काहून शिवला?"

"भेव होतं. त्याच्या कमरेले काय होतं ते दिसलं मले." मग म्हणाले, "पण तो गेल्यावर भेव गेलं. तवाबी शिवलाच ना. आठ दिवस कापड दुकानात होतं. ठाण्यात जाऊन सांगता आलं असतं."

आणि पुढचं असं. लेकराचं अंग वाढतं असतं म्हणून शिवणीच्या आत दाबाचं कापड जास्त ठेवलं. बगलेत, बाजूला, बाहीला. पुढं उसवून मोठा करता यावा. आपण शाळेच्या ड्रेसला ठेवतो तसा.

"मले वाटे, चांगलं काम केलं."

कोर्टात जप्तीच्या वर्द्या दाखवल्या, त्यात ती लहान नव्हती म्हणे. ह्यांनी नीट पाहिलं. म्हणजे तेव्हा तरी ती जिती असेल. आता तिशीच्या वर गेली असेल.

मला राग आला. फार राग आला. त्या पोरीसाठी नंतर, आधी माझ्यासाठीच. मला त्या वाक्यावर नळावर भांडू दिलं. एकदाही म्हटलं नाही, राहू दे, नको भांडू.

१४ डिसें.

दिवसभर ह्यांच्याकडे पाठ करून काज-बटण केलं. प्री. दोघांची तोंडं पाहत राहिली. तिला वाटतं सीनवरून बिनसलंय. वाटू दे.

त्या पोरीच्या मायनेही कोणाची तरी वाट पाहिली असेल. मी वाचनालयात बसून परदेशातल्या बायांसाठी रडत होते.

१५ डिसें., सोम

हे म्हणाले, हात देतो. पण मला बोलायला लावायचं नाही, नुसते हात.  खोटं आहे म्हणून अडवणार होते, आता काय म्हणून अडवू?

१८ डिसें., गुरु

बिरसाच्या पुढं नेलं आम्हा तिघांना, त्यांच्या गाडीने. गावाच्या टोकाला खोटं टेलरचं दुकान उभं केलंय. आमच्या तेव्हाच्या दुकानापेक्षा चांगलं आहे.

ह्यांना मशीनवर बसवलं, दिवे लावले. आधी कटिंग घेऊ म्हणाले. बाजूला बंदोबस्ताचे दोन शिपाई चहा पीत उभे होते. ह्यांनी खडूने आखलं, कात्री घेतली, कापलं. कोणाचा नाप समोर नव्हता. कापड उचललं तर लहान शर्टाचं, एवढंसं.

डायरेक्टर म्हणाला, "अंकल, ये इतना छोटा किसका है?"

ह्यांनी तोंड उघडलं. मला त्या क्षणी सगळं दिसलं, जीप, वकिलाच्या पायऱ्या, सगळं. मी मधेच बोलले, "किताब में था. लडाई की एक किताब में पढा था मैंने. बच्ची की वर्दी. मैंने ही इनको बताया."

जन्मात इतकं झटकन खोटं बोलले नसेन.

शिपाई चहाच पीत राहिले. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. आणि डायरेक्टर? त्याचे डोळे चमकले. "क्या बात है आंटी. ये डालेंगे."

१९ डिसें.

डालेंगे म्हणजे काय ते आज कळलं. सिनेमात आता एक लहान मुलगी येणार. वर्दीतली. गावातलीच एक निवडली, सुकवारो नाव. बारा-तेरा वर्षांची असेल. नापासाठी तिचा झगा पाठवलाय, बाहीला रफू केलेला.

ह्यांना वाचवायला गेले आणि हे करून बसले. माझ्याच तोंडाने.

२१ डिसें., रवि

ह्यांनी सुकवारोची वर्दी शिवली. मी शिवते म्हटलं, दिली नाही.

प्री. उलटी करून बघत होती. "बाबा, एक दिन का शूट है. दाब इतना किसलिए?"

"सवय हाय."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी पोळ्या लाटायला घेतल्या.

२७ डिसें., शनि

प्री. सेटवरच राहते आता. फोनवर खुशीत होती. सुकवारोचा सीन झाला. तीन वेळा मेली म्हणे, दर वेळी उठून हसली. आरशासमोरून हलायला तयार नव्हती. तिच्या अंगाला नवं कापड किती दिवसांनी लागलं कोण जाणे. प्री.ने फोटो पाठवला. बेल्ट लावलाय, केस मागे बांधलेत, हातात लाकडी बंदूक.

ह्यांना दाखवायचा नव्हता. पण त्यांनी मोबाईल हातातून घेतला. पुष्कळ वेळ पाहत बसले.

३ जानेवारी, शनि

शूटिंग संपलं आणि नवीनच तमाशा. शेवटच्या दिवशी गावचे सगळे वर्द्या घालूनच घरी गेले. कोणी चोरल्या नाहीत. ज्याचा नाप त्याचा कपडा, ही इकडची सरळ समजूत. आपला शर्ट नापाला दिला, त्याचं नवं शिवून आलं, मग ते दुसऱ्याचं कसं? मुंबईवाल्यांना हे कोणी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं आम्हीच, पण आमच्याही डोक्यात आलं नाही, कारण आम्हालाही ते तसंच वाटतं.

आता मॅडमची झोप उडाली. सगळ्या वर्द्या जमा करून जाळायच्या, या अटीवर परवानगी मिळाली होती. जंगलात कोणी त्या रंगात फिरताना दिसलं तर... प्री. घरोघर फिरून गोळा करते आहे.

५ जाने., सोम

सगळ्या मिळाल्या, एक सोडून. सुकवारोची. तिची माय म्हणते, "नाप हमने दिया, कपडा हमारा." पोरगी तीच घालून बकऱ्या चारायला जाते, जंगलाच्या कडेला. युनिटची माणसं उद्या-परवा निघणार. मॅनेजर प्री.ला म्हणाला, एक से क्या होता है, छोडो.

प्री. फोनवर हे सांगत होती आणि स्पीकर चालू होता. ह्यांनी हातातलं काम खाली ठेवलं.

दुकानात फुलाफुलांचं एक कापड पडलं होतं. जेवण झाल्यावर बसले आणि झगा शिवला. कॉलर, पुढं चुण्या, पाठीमागे नाडी. लग्नाच्या हंगामातही मी यांना इतक्या निगुतीने शिवताना पाहिलेलं नाही.

६ जाने., मंगळ

सकाळच्या बसने गेले. झगा देतो, वर्दी घेऊन येतो म्हणाले. म्हटलं, मी येते. नको म्हणाले. म्हटलं, वर्दी तिथंच प्रीतीच्या हातात द्या, थैलीत घालून फिरू नका, रस्त्यात पोलिसांचा नाका आहे.

"हौ," म्हणाले. ह्यांचं हौ मला माहीत आहे.

दुपार

प्री.चा फोन. वर्दी मिळाली. सुकवारोने झगा पाहिला आणि आपणहून आत जाऊन बदलून आली. तिच्या मायने ह्यांना मोहफुलाचे लाडू दिले. वर्दी प्री.ने मागितली, तर म्हणाले, मी नेतो, मीच उसवतो. बसमध्ये बसले. थैली मांडीवर.

मनात पाल चुकचुकली. ती कधी उगाच चुकचुकत नाही.

संध्याकाळ

बस आली. त्यात हे नव्हते. फोन लागत नाही.

मग प्री.चाच आला. नाक्यावर उतरवलं त्यांना. थैली पाहिली, लहान हिरवी वर्दी निघाली. नाक्यावरचे साहेब चांगले आहेत म्हणते. नीट बसवलं, चहा दिला. सिनेमाची आहे एवढं सांगितलं असतं तर सोडून दिलं असतं. प्री. धावत पोचली होती, मॅनेजरशी बोलणंही करून दिलं होतं.

"लेकिन बाबा बोल ही नहीं रहे कि पिक्चर की है. मा, वो कुछ और ही बोल रहे हैं."

"काय बोलून राह्यले?"

"किसी लडकी का पूछ रहे हैं. साहब से. बोल रहे हैं, जो शरण आए उनमें औरतें होंगी, उनमें एक है क्या देखो. छोटी थी तब मैंने उसकी वर्दी सिली थी. मुझे मालूम था. जिती हाय का एवढं सांगा. बस, यही बोले जा रहे हैं. रो भी रहे हैं. मा, ये क्या है? किसकी बात कर रहे हैं?"

 फोन कानाला तसाच होता.

"साहब बोले, घर से कोई आ जाए और लिखके दे दे कि इनका दिमाग ठीक नहीं रहता, तो अभी छोड देंगे. नहीं तो ये बयान ऊपर भेजना पडेगा, उनके हाथ में नहीं रहेगा. तू आ जा मा. तू बस इतना बोल दे."

एवढं सोपं आहे. वेडा आहे म्हणायचं आणि घरी आणायचं. पोरगी मुंबईला जाईल, दुकान चालेल, माझं वाक्य माझ्याकडे राहील. आणि ज्या एका गोष्टीसाठी हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा तोंड उघडून बसलाय, ती मी तिथंच पुसून यायची. लहान वर्दी पुस्तकातली आहे, असं एकदा सांगून झालंय. पुन्हा ते नाही जमणार, हे तरी कुठं खरं? जमेलही.

शेजारचा मुकेश मोटारसायकल काढतोय. स्वेटर घातला. ह्यांचीही शाल घेतली, नाक्यावर थंडी फार असते. काय बोलायचं ते रस्त्यात ठरवीन.